बिनतोंडाचा देव

"आज गारठा आहे, नाही गं शेवंता?"

मिलकाबाई असं म्हणाल्या की मी समजायची, यांना चहा हवाय. मे महिना असो, अंगाची लाही होत असो, शनिवारी सकाळी बाईंना गारठा वाजायचाच. मी आपली काडेपेटी कनवटीला लावूनच जायची. त्यांचा स्टो पेटवायचा, वर आधण ठेवायचं आणि चहा होईस्तोवर तिथंच खाली फतकल मारून बसायचं. दोन वर्षं असंच चाललेलं.

त्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे यहुदी. मूळच्या कोकणातल्या. नऊवारी नेसायच्या, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, बोलणं माझ्यापेक्षा शुद्ध. त्यांचे मालक एलीजा झिराडकर मालगाडीवर गार्ड होते आणि आमचे हे लोको शेडमध्ये फिटर. जंक्शनवरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमची भिंतीला भिंत होती. शुक्रवारचा दिवस मावळला की शनिवारचा मावळेपर्यंत त्यांच्या घरात विस्तव करायचा नाही. आणि दुसऱ्याला 'पेटव' म्हणून सांगायचंसुद्धा नाही. म्हणून तो गारठा.

"मिलकाबाई, तुमच्या देवाला मी ओढलेली काडी बरी चालते?" मी चिडवायची. "आणि पाप लागलं तर माझ्या माथी!"

"तुझ्या पाठीशी तेहतीस कोटी आहेत गं. कोणीतरी घेईलच सांभाळून. आमचा बापडा एकटा, त्याला किती कामाला लावू?"

एकटा आणि तोही न दिसणारा. त्यांच्या घरात तसबीर नाही की मूर्ती नाही. दाराच्या चौकटीला बोटभर लांबीची एक नळी ठोकलेली. तिच्यात म्हणे देवाचं वचन लिहून ठेवलेलं. जाता-येता तिला हात लावून बोटं ओठांना लावायची, की झाली पूजा. माझ्या घरात देव्हाऱ्यात दाटी. मला त्या घरात सुरुवातीला ओकंओकं वाटायचं.

"पण मला सांगा," मी एकदा म्हटलं, "देवाला तोंडच नाही, तर तुम्ही बोलता कुणाशी?"

"बोलायला तोंड लागतं, शेवंता. ऐकायला कुठं लागतं?"

"म्हणजे बिनतोंडाचा देव तुमचा!"

त्या हसल्या. त्यांची धाकटी एस्तेर, सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले, ती तर जमिनीवर लोळून हसायला लागली. "शेवंतामावशीचा देव हत्तीच्या तोंडाचा, आमचा बिनतोंडाचा!" मग दिवसभर तिचं तेच. थोरली रिबका बारा वर्षांची होती, गंभीर पोरगी. ती म्हणाली, "एस्तेर, पुरे. देवाची थट्टा करू नये." मिलकाबाई म्हणाल्या, "असू दे गं. त्याला थट्टा कळते."

मी हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय, की 'बिनतोंडाचा देव' हे शब्द आधी हसण्यावारी निघाले होते. थट्टेतच राहिले असते तर बरं झालं असतं.

बहात्तर सालचा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. आमच्या जंक्शनचा तलाव आटला, तळाचा चिखल फुटून त्याला भेगा गेल्या. नळ कोरडे. पाण्याची गाडी यायची, लांबून कुठून तरी भरून, पाचव्या दिवशी एकदा. क्वार्टरमागे चार हंडे. चार हंड्यांत पाच दिवस पिणं, रांधणं, सगळं. आंघोळ कसली, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. भांडी राखेनं घासून चिंधीनं पुसून ठेवायची. गाडी यायच्या आदल्या दिवसापासून बाया रिकामी भांडी नंबराला लावून ठेवायच्या, आणि एखादीचा हंडा पुढं सरकला तर झिंज्या धरायची पाळी. माझा भास्कर तेव्हा आठ महिन्यांचा. अंगावरचं दूध आटलेलं माझं. त्याला वरचं दूध द्यायची, त्यातही पाणी घालावं लागायचं. त्याच्यासाठीचा एक तांब्या मी वेगळा उकळून, झाकून, वर दगड ठेवून सांभाळायची. मी तशी मूळची फटकळ. त्या दिवसांत तर माझी जीभ कातरीसारखी चालायची.

आणि अशात एस्तेरला ताप भरला. रेल्वेच्या डॉक्टरांनी टायफॉईड सांगितला. पोरगी भट्टीसारखी तापायची. डोक्यावर गार पाण्याच्या घड्या ठेवा, अंग पुसून काढा, हेच डॉक्टर सांगायचे. घड्या ठेवायच्या म्हणजे पाणी हवं. मिलकाबाईंचे हंडे दोन दिवसांत तळाला गेले.

त्यांनी मागितलं नाही. दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरीचं अंग फार कढत आहे गं."

मी ओळखलं. शनिवारी गारठा ओळखायची तसंच. आत गेले आणि माझे दोन हंडे त्यांच्या घरात नेऊन ठेवले. त्यातला एक माझ्या माहेरचा, तांब्याचा, त्याच्यावर 'शेवंता काशिनाथ' असं नाव घातलेलं. आमचे हे संध्याकाळी घरी आले, मोजून दोनच हंडे शिल्लक पाहिले. त्या दिवसापासून शेडमधून येताना तोंड धुऊन यायला लागले, घरचं पाणी वाचावं म्हणून.

चार दिवस मी आणि मिलकाबाई आळीपाळीनं त्या पोरीच्या उशाशी बसलो. घडी भिजवायची, पिळायची, पिळलेलं पाणी पुन्हा त्याच पातेल्यात. एस्तेर तापात बडबडायची. एकदा डोळे उघडून मला म्हणाली, "मावशी, तुमच्या हत्तीला सांगा ना, सोंडेतून पाणी टाक म्हणावं." मी म्हटलं, सांगते गं बाई. आणि घरी जाऊन खरंच गणपतीला सांगितलं. दुसऱ्याच्या लेकरासाठी आपल्या देवाला सांगावं की नाही, असला प्रश्न मला पडला नाही. मिलकाबाईंनाही मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. मीही सांगतेच आहे. दोघांच्या कानांवर असू दे."

सोमवारी संध्याकाळी ताप उतरला. पोरगी दोन चमचे पेज प्याली. "बिनतोंडाचा" म्हणून हसलीसुद्धा. मिलकाबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. मी म्हटलं, "चला, सुटलो." घरी आले आणि आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोपले.

मंगळवारी सकाळी मी रिकामी घागर नंबराला लावायला गेले होते. पाण्याची गाडी बुधवारी यायची, पण कोण म्हणे गुरुवारवर गेली. बायकांनी एकच कालवा केला होता. आणखी एक दिवस! माझ्या घरात तेव्हा भास्करचा तांब्या आणि तळाला अर्धी घागर, एवढंच होतं. मी मनाशी हिशेब केला, की एस्तेरचा ताप आता उतरलाय, माझा तांब्याचा हंडा जवळजवळ भरलेला आहे त्यांच्याकडे, तो परत आणू. लेकराला दोन दिवस निघतील. तोच विचार डोक्यात घेऊन मी वळले आणि आमच्या रांगेकडे आले.

बघते तर मिलकाबाई पायरीवर उभ्या आणि हंडा पालथा करतायत.

त्यांचा स्वतःचा हंडा रिकामा होऊन शेजारी पडलेला. पातेलं पडलेलं. माझा दुसरा, पितळेचा, तोही पडलेला. पायरीवरून पाणी वाहत होतं, मातीत जात होतं. तांब्याचा हंडा त्यांच्या हातात होता, कलता, त्यावरचं माझं नाव मला लांबून दिसलं.

माझं डोकंच फिरलं. धावत गेले आणि हंड्याचा काठ धरला.

"अगं बाई, वेड लागलं का? काय करताय?"

"हंडा सोड, शेवंता."

आवाज अगदी सपाट. डोळे कोरडे. मला वाटलं, पोरगी बरी झाली म्हणून काही नवस-बिवस फेडतायत. नाही तर तापाचं पाणी म्हणून टाकतायत. काहीही असो, पाणी होतं ते! आम्ही दोघी तो हंडा दोन बाजूंनी ओढायला लागलो. नंबराला उभ्या असलेल्या बायका मागोमाग आल्या. आठ-दहा जणी गोळा झाल्या.

"का सांडताय? काही कारण?"

"सोड ना गं."

"नाही सोडणार. माझं पोर तहानलं आहे घरात. मी तोंडचं काढून दिलं तुम्हाला. का सांडताय ते सांगा आधी!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आजपर्यंत विसरले नाही. शनिवारी 'गारठा आहे' म्हणताना जशा बघायच्या तशाच बघत होत्या. हिला कळेल, हिला सांगावं लागत नाही, अशा. आणि मला कळलं नाही. बाकी सगळं कळायचं मला, नेमकं तेव्हा कळलं नाही.

"आमच्यात सांडतात," एवढंच म्हणाल्या.

मग मी तोंड सोडलं. दोन वर्षांत त्यांना एकदा अरेतुरे केलं नव्हतं, ते त्या दिवशी केलं.

"तुमच्यात सांडतात? पाणी सांडायला सांगतो तुझा देव? या दुष्काळात? बिनतोंडाचा मेला, त्याला कुठली तहान लागायला! त्याला तोंड असतं ना, तर कळलं असतं! सांग, का सांडतेस? या सगळ्यांसमोर सांग!"

मागून कुणीतरी म्हणालं, "हो, सांगा ना बाई. आमच्या घरात थेंब नाही." मला जोर आला. मी हंड्याला हिसडा दिला. "सांग!"

मिलकाबाईंनी हंडा सोडला. हात लुगड्याला पुसले. दाराच्या चौकटीकडे पाहिलं, त्या नळीकडे. मग माझ्याकडे वळून, शाळेतल्या मुलीनं धडा म्हणावा तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "माझी एस्तेर मेली."

आणि मग, जणू ते आपल्याच कानांनी पहिल्यांदा ऐकलं, अशा खाली बसल्या. त्या ओल्या मातीत. तोपर्यंत त्या रडल्या नव्हत्या.

पहाटे गेली होती पोरगी. टायफॉईडचं तसंच असतं म्हणे, ताप उतरतो आणि आतडं फुटतं. एलीजाभाऊ ड्यूटीवर, मालगाडी घेऊन लांब. घरात ही बाई, बारा वर्षांची रिबका आणि ते गेलेलं लेकरू. मी भिंतीपलीकडे झोपले होते.

बायका पांगल्या. मी त्यांच्याजवळ बसायला गेले, तर रिबका बाहेर आली आणि आईला उठवून आत घेऊन गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. दार लावलं. मी हातात हंडा घेऊन उभी. निम्मा भरलेला होता अजून.

आता खरं ते सांगते. तो निम्मा हंडा मी घरी नेला. पाणी उकळलं आणि भास्करला त्याच्या दुधातून पाजलं. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आई होते मी. पाण्याबद्दल मला कुणी शंभरदा विचारलं तर मी शंभरदा तेच करीन. माझं दुखणं पाण्याचं नाही.

दुपारी एलीजाभाऊ आले, मधल्या स्टेशनावर निरोपानं गाठलं होतं त्यांना. त्यांच्या नात्यातले दोघं-तिघं पुढच्या गाडीनं आले. पोरीला शेवटची आंघोळ घालायची होती. त्यांच्यातले एक म्हातारे बाहेर येऊन विचारायला लागले, घरात थेंब नाही, बाहेरचं ताजं पाणी मिळेल का. कुणी पुढं येईना. आमचे हे उठले, शेडमध्ये गेले, इंजिनात पाणी भरतात त्या खांबावरून दोन बादल्या भरून आणल्या. शेडमधून पाणी बाहेर न्यायला तेव्हा सक्त मनाई होती. त्यांची नोकरी जाऊ शकली असती. त्यांनी बादल्या पायरीवर ठेवल्या आणि परत येऊन माझ्यासमोर बसले.

"तू तिला काय म्हणालीस ते कळलं मला शेडमध्ये," ते म्हणाले. "गावभर झालंय."

"मला काय माहीत होतं हो?"

"माहीत नव्हतं ना? मग गप्प राहायचं होतंस."

एवढंच. उभ्या जन्मात त्यांनी मला लागेल असं बोललेलं हे एक वाक्य.

संध्याकाळच्या गाडीनं एस्तेरला मुंबईला नेलं, तिकडे त्यांची दफनभूमी. एलीजाभाऊंनी तिला पांढऱ्या कपड्यात गुंडाळून दोन्ही हातांवर घेतलं होतं. मी दारात उभी होते. मिलकाबाई माझ्यासमोरून गेल्या. त्यांच्या चोळीचा गळा फाडलेला होता. त्यांच्यात दुःखाचा कपडा तसा फाडतात. मी "मिलकाबाई" अशी हाक मारली. त्यांना ऐकू गेली की नाही, देव जाणे.

दोन दिवसांनी ती सगळी परत आली. शनिवार उजाडला. माझं काही धाडस होत नव्हतं, पण म्हटलं, आज जायलाच हवं. आज त्यांना चहा कोण करून देणार? काडेपेटी घेतली आणि गेले. दार किलकिलं होतं. आत अंधार. मिलकाबाई जमिनीवर बसलेल्या दिसल्या, पाठमोऱ्या. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "आज गारठा आहे, नाही का?"

त्या हलल्या नाहीत. रिबका दाराशी आली.

"मावशी, आता आम्ही शुक्रवारीच चहा करून ठेवतो."

"अगं, पण गार होऊन जाईल."

"गारच पितो."

मी काडेपेटी मुठीत दाबून उभी राहिले. मग हळूच म्हटलं, "रिबका, आई माझ्यावर रागावलीय का गं? पाण्यासाठी? मला माहीत नव्हतं बाळा. माझं पोर..."

"पाण्याचं नाही," ती म्हणाली. बारा वर्षांची पोर, पण बाईसारखी बोलली. "आमच्यात कुणी गेलं की तोंडानं सांगत नाहीत. घरातलं पाणी दारात ओततात. बघणारा समजतो आणि काही विचारत नाही. आई म्हणते, आपलं माणूस गेलं असं तोंडानं म्हटलं, की आपणच मारल्यासारखं होतं."  तिनं दाराची कडी धरली. "तिनं मलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी उठले तेव्हा ती हंडा उचलत होती, त्यावरून मला कळलं. तुम्ही तिला तोंडानं सांगायला लावलंत."

तिनं दार लोटलं. जोरात नाही, हळूच.

मी घरी येऊन देव्हाऱ्यासमोर बसले. माझे सगळे देव तोंडं घेऊन बसले होते. एकालाही काही बोलता आलं नाही.

त्यानंतर त्या आठ महिने शेजारी होत्या. भांडण असं झालंच नाही. समोर आल्या की "बरी आहेस ना?" म्हणायच्या, मीही "बरंय" म्हणायची. भास्कर रांगत त्यांच्या दारात गेला तर उचलून घ्यायच्या, पापा घ्यायच्या आणि आणून सोडायच्या. पण पुन्हा कधी त्यांना माझ्याजवळ गारठा वाजला नाही. मी किती शनिवार भिंतीला कान लावून बसले. माफी मागायला म्हणून तीनदा तोंड उघडलं. पण ज्या तोंडानं तसं बोलले त्याच तोंडानं काय म्हणणार होते? 'मेला', 'मेली' हे शब्द मी बोलण्यातून काढून टाकले. आजही मी चिडले तरी ते शब्द येत नाहीत. सुना म्हणतात, आई शिव्यासुद्धा सोवळ्यातल्या देतात.

पुढच्या वर्षी त्यांचं इस्रायलला जायचं ठरलं. त्यांची कितीतरी माणसं तेव्हा जात होती. निघायच्या आदल्या दिवशी पाण्याची गाडी आली होती. पाऊस तेव्हाही धड पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर माझ्या पायरीवर त्यांचे चारही हंडे ओळीनं ठेवलेले. काठोकाठ भरलेले, वर ताटल्या झाकलेल्या. त्यांच्या दाराला कुलूप होतं. चौकटीवरची नळी काढून नेलेली, तिथे चुन्यात तेवढी एक लांबट खूण होती.

ते पाणी त्यांनी मायेनं ठेवलं की माझ्या तोंडावर मारलं, हे मला कळलं नाही. मी आलटून पालटून दोन्ही मानत आले. ज्या दिवशी जसा माझा जीव, तसं.

या गोष्टीला छत्तीस वर्षं झाली. हे निवर्तले. मी नाशिकला भास्करच्या फ्लॅटवर राहायला आले. चोवीस तास पाणी, भिंतीला फिल्टर. पण मी आपला एक माठ भरून ठेवायची, हट्टानं. भास्करची बायको कल्पना गुणी पोरगी. घर लख्ख ठेवायची. फरशीवर पाण्याचा एक ठिपका तिला खपायचा नाही.

एका दुपारी बेल वाजली. कल्पनानं दार उघडलं. "आई, तुमच्याकडे कुणी आलंय."

दारात पन्नाशीची बाई. केस आखूड, पँट घातलेली, हातात पिशवी. मी ओळखलं नाही. मग ती म्हणाली, "शेवंतामावशी," आणि दाराच्या चौकटीला नकळत हात लावून बोटं ओठांशी नेली. तिथं काही नव्हतं, नुसतं लाकूड.

"रिबका!"

तिनं वाकून नमस्कार केला. रेल्वेच्या जुन्या पेन्शनर लोकांकडून पत्ता काढत काढत आली होती. मराठी तशीच, आईसारखी शुद्ध, फक्त मधेच एखादा शब्द शोधायची. एलीजाभाऊ पंधरा वर्षांमागं गेल्याचं माझ्या कानावर होतं. मी तिला सोफ्यावर बसवलं. मुलं किती, नवरा काय करतो, तिकडे उन्हाळा कसा, सगळं विचारलं. एक सोडून. तो प्रश्न मी पुढं ढकलत होते.

कल्पना आतून तांब्या-भांडं घेऊन आली. माठातलं पाणी.

शेवटी मी विचारलंच. "रिबका, आई कशी आहे गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी ओळखली. छत्तीस वर्षांपूर्वी पायरीवर मिलकाबाईंच्या डोळ्यांत होती तीच. मग तिनं तांब्या उचलला, उठली, दार उघडलं, आणि उंबऱ्याबाहेर सगळं पाणी हळूहळू ओतलं.

"अहो, अहो! काय करताय?" कल्पना धावली. "पाणी का सांडताय? आई, बघा ना, ह्या का..."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. अक्षरशः तळहात दाबून धरला.

"विचारू नकोस," मी म्हटलं. "कल्पना, तुला माझी शपथ आहे. एक शब्द विचारू नकोस."

ती बिचारी डोळे मोठे करून बघत राहिली. मी स्वयंपाकघरात गेले आणि माठाला हात घातला. भरलेला माठ, मला काही उचलेना. रिबका मागून आली. तिनं एका बाजूनं काठ धरला, मी दुसऱ्या बाजूनं. दोघींनी मिळून तो दारापर्यंत आणला आणि कलंडला. पाणी जिन्यावर गेलं, पायरी-पायरीवरून खाली उतरायला लागलं.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. रिबकाही रडत होती. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. आईनं माझी आठवण काढली होती का, ते चार हंडे कशासाठी ठेवले होते, मला माफ केलं होतं का, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. विचारलं नाही. एकदा विचारून बसले होते, तेवढं पुरे.

खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "अहो वरचे! कोण पाणी सांडतंय? का सांडताय?"

आम्ही दोघी माठ धरून उभ्या होतो. त्यातलं उरलेलं पाणीही आम्ही ओतून टाकलं.